मुलाण्याच्या घराची वारसनोंद

सांगली जिल्ह्याच्या आटपाडी तालुक्यात आमचे गाव आहे. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या हकिकतीतील माणसे अजून तेथेच राहतात आणि त्यांना रोज एकमेकांच्या दारावरून जावे लागते. आजोबांच्या नावावर राहिलेले आमचे माळवदाचे घर आम्हा तिघा भावंडांच्या नावावर करून घ्यायचे, एवढ्या कामासाठी मी अनेक वर्षांनी तेथे जाऊ-येऊ लागलो. वारसनोंद हे तसे कचेरीतले कोरडे काम आहे. परंतु शेजाऱ्याच्या कागदावर सही करावी की नाही, हे जेथे चार जणांना विचारून ठरू लागले आहे, तेथे ते काम कसे चालते हे लिहून ठेवण्याजोगे वाटले.

आम्ही गावचे मुलाणी. बारा बलुतेदारांच्या जुन्या याद्यांत मुलाणा बहुधा धाकट्या कासेत, म्हणजे शेवटच्या गटात, भट, गुरव आणि कोळी यांच्या ओळीत सापडतो. मशिदीची देखभाल करणे आणि निकाह लावणे ही कामे आमच्या समाजापुरती होती. गावाच्या दृष्टीने मुलाण्याचे खरे काम जत्रेत असे. गावदेवाच्या जत्रेतील बोकडावर सुरी मुलाण्याने फिरवायची, त्याशिवाय ते मटण गावात कोणी खात नसे, आणि त्याबद्दल प्रत्येक जनावरामागे ठरलेला वाटा आमच्या घरी येई. सुगीत खळ्यावरून ज्वारी-बाजरीचे बलुते मिळे. उलट बाजूने, मोहरमच्या पंजाचा, म्हणजे पीर म्हणून बसवल्या जाणाऱ्या हाताच्या आकाराच्या निशाणाचा, मान एका मराठा घराण्याकडे होता. पीर उठवायचा तर त्या घरातील कर्त्या पुरुषाने आंघोळ करून, ओल्या धोतराने आले पाहिजे, असा रिवाज होता. पंजा त्याच्या हाती द्यायचा तो मात्र मुलाण्यानेच. आलाव्याभोवती, म्हणजे मोहरमच्या अग्निकुंडाभोवती, करबल (करबलाची गाणी) म्हणणाऱ्यांत धनगर, मराठे, मांग अशा सगळ्या घरांतील मुले असत आणि नवसाची पोरे गळ्यात नाडा घालून फकीर होत. कडेगावच्या उंच ताबुतांत हिंदू मानकऱ्यांचे ताबूत असतात, हे पुष्कळांनी ऐकलेले असेल. आमच्यासारख्या लहान गावांत तीच रीत लहान प्रमाणावर चालत असे.

या व्यवस्थेचे गोडवे गाण्याची माझी इच्छा नाही. बलुते मागायला दादी खळ्यावर जाई तेव्हा ती कडेला उभी राहून हाक येण्याची वाट पाहत असे, आणि काही घरांत आम्हाला पाणी वरून ओंजळीत ओतले जात असे. जिव्हाळा होता तो ठराविक घरांशी होता. बाकीच्या गावाशी आमचे नाते अडणुकीचे होते: आमच्यावाचून त्यांच्या जत्रेचे अडत होते आणि त्यांच्यावाचून आमच्या पिराचे. ही अडणूक दोन्ही बाजूंनी सुटली, की मधल्या रिकाम्या जागेत कोणतीही अफवा सुखाने राहू शकते, हे मला या वारसनोंदीच्या कामात समजले.

अडणूक सुटायलाही बरीच दशके लागली. गावकीच्या सेवेबद्दल दिलेली इनामे रद्द करणारा कायदा मुंबई राज्याने 1953 मध्ये केला. 1972 च्या दुष्काळानंतर बलुते नावापुरते उरले. आमच्या आणि शेजारच्या खानापूर तालुक्यातील तरुण सोन्याचांदीच्या गलाईच्या, म्हणजे वितळवून शुद्ध करण्याच्या, धंद्यात देशभर पसरले आणि तिकडचा पैसा गावात येऊ लागला. पुढे टेंभू उपसा योजनेचे पाणी आले, ज्वारीच्या रानात डाळिंब उभे राहिले, आणि डाळिंबाच्या बागेचे बलुते कोणी कोणाला देत नसते. अब्बा तोवर एसटीत कंडक्टर होऊन पुण्याकडे आले होते. ते दर मोहरमला गावी जात. सप्टेंबर 2009 मध्ये गणेशोत्सवात मिरजेत दंगल उसळली तेव्हा आमचे गाव शांत राहिले होते. परंतु त्यानंतर अब्बांनी मोहरमला जाणे बंद केले आणि कारण विचारले की गुडघे दुखतात असे सांगू लागले.

केंद्र सरकारने एप्रिल 2020 मध्ये स्वामित्व योजना जाहीर केली. या योजनेत गावठाणातील घरांचे ड्रोनच्या साहाय्याने मोजमाप होते आणि प्रत्येक घराची मिळकत पत्रिका तयार होते. मोजणीपूर्वी ज्याने त्याने आपल्या हद्दीवर चुन्याच्या रेषा मारून द्यायच्या असतात, म्हणजे ड्रोनच्या छायाचित्रात त्या स्पष्ट उमटतात. आमच्या गावात हे काम झाले तेव्हा आमच्यापैकी कोणी तेथे नव्हते. तरीही आमच्या घराच्या चारही रेषा बरोबर मारलेल्या होत्या. त्या पूर्वेकडच्या शेजारच्या अण्णांनी स्वतः उभे राहून मारून घेतल्या होत्या, हे मला पुढे भूमी अभिलेखच्या कर्मचाऱ्याकडून कळले; अण्णांनी स्वतः त्याविषयी कधी एक अक्षर काढले नाही. पत्रिकेवर नाव मात्र आजोबांचे लागले, कारण ग्रामपंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीत, म्हणजे नमुना नंबर 8 मध्ये, त्यांचेच नाव होते.

घराचा मूळ कागद म्हणजे आजोबा आणि त्यांचे भाऊ यांच्यातील वाटणीपत्र. त्यात चतुःसीमा दिली आहे: पूर्वेस अण्णांच्या वडिलांचे घर व सामायिक भिंत, पश्चिमेस बोळ, उत्तरेस चुलत्यांचे घर, दक्षिणेस पिराचा चौथरा. सगळ्या प्रकरणाचे मूळ या शेवटच्या तीन शब्दांत होते.

गावात शिरताना बदल डोळ्यांत भरतो तो बांधकामाचा. गलाईवाल्यांच्या देणगीतून उभे राहिलेले देवळाचे शिखर आता दूरच्या रस्त्यावरून दिसते, आणि मशिदीलाही मिनार व कर्णे आले आहेत. कमानीजवळ एका संघटनेच्या शाखेचा फलक आहे. यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. पैसा आला की माणसे देवाचे घर आधी बांधतात. मला थांबवले ते पिराच्या चौथऱ्याने. त्याच्या एका अंगाला भगवा झेंडा रोवला होता, दुसऱ्या अंगाला नवी हिरवी चादर घातली होती, आणि ‘पुढील निर्णय होईपर्यंत येथे कोणी काही चढवू नये’ असा पोलीस पाटलांच्या सहीचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून लिंबाच्या खोडाला बांधला होता. ग्रामपंचायतीचा एक कॅमेराही त्या दिशेने लावलेला होता.

हा चौथरा पिराचा नसून एका नाथपंथी साधूची समाधी आहे, असे काही तरुणांचे म्हणणे होते. ते खरे की खोटे, हे ठरवण्याइतका पुरावा कोणाकडेच नव्हता. नाथ आणि पीर यांची अशी सरमिसळ महाराष्ट्राला नवीन नाही. मढीच्या कानिफनाथांना शाह रमजान म्हणूनही पिढ्यान्‌पिढ्या भजले गेले आहे. त्याच मढीच्या ग्रामसभेत फेब्रुवारी 2025 मध्ये यात्रेत मुसलमान व्यापाऱ्यांना जागा न देण्याचा ठराव झाला होता. प्रशासनाने तो ग्राह्य धरला नाही, तरी ठरावाची बातमी आमच्या गावात पोहोचली. तो टिकला नाही ही बातमी फारशी कोणाला माहीत नव्हती. जत्रेतही फरक पडला आहे. मार्च 2025 मध्ये झटका, म्हणजे एका घावात कापलेल्या, मटणाच्या दुकानांसाठी ‘मल्हार’ नावाचे प्रमाणपत्र जाहीर झाले, त्यानंतरच्या जत्रेला काही घरांनी बाहेरून माणूस बोलावून बोकड कापून घेतले. काही जुनी घरे अजूनही बोकड आमच्या चुलतभावाच्या दारी आणतात, पण आता पहाटे अंधारात आणतात.

कागदपत्रांचा भाग थोडक्यात सांगतो, कारण तो खरोखरच सोपा होता. आजोबांचा, अब्बांचा आणि अम्मीचा मृत्यूचा दाखला, वंशावळीचे प्रतिज्ञापत्र, घरपट्टीच्या पावत्या, वाटणीपत्राची प्रत आणि सर्व वारसांची ओळखपत्रे एवढे लागले. अब्बा आजोबांचे एकुलते एक, त्यामुळे पुढचे वारस आम्ही दोघे भाऊ आणि एक बहीण. आमच्या व्यक्तिगत कायद्याप्रमाणे बहिणीचा हिस्सा भावाच्या निम्मा असतो. बहिणीने ‘घर विकाल तेव्हा हा हिशेब सांगा, आत्ता माझे नाव बरोबरीने लावा’ असे बजावले होते आणि आम्हा भावांना ते मान्य होते. खोळंबा झाला तो पुढे. वारस हेच आहेत आणि घराचा ताबा याच कुटुंबाचा आहे, असे सांगणारे गावातील दोन पंच हवे होते. त्यातला एक लगतचा शेजारी असेल तर बरे, असे संबंधित कर्मचाऱ्याने सुचवले.

लगतचे शेजारी म्हणजे अण्णा. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत. मला पाहताच त्यांनी ओसरीवर घोंगडे टाकले आणि “आलास व्हय? बस की,” म्हणून अब्बांच्या आजारपणाची पुन्हा पहिल्यापासून चौकशी केली. सहीचा विषय काढला तेव्हा मात्र त्यांनी जमिनीकडे पाहिले. “माझी ना न्हाई. पर नातवाला इचारतो,” असे ते म्हणाले. ज्या माणसाने माझ्या माघारी माझ्या हद्दीची रेघ राखली, त्याला माझ्या कागदावर सही करण्यासाठी नातवाची परवानगी लागावी, याचे मला त्या क्षणी वाईट वाटले. परंतु विचार केल्यावर असे दिसते की रेघ मारताना त्यांना कोणी पाहत नव्हते आणि सही सगळे गाव वाचणार होते.

नातू संध्याकाळी भेटला. मुलगा शिकलेला आहे, बागायत नीट करतो, आणि मी शिक्षक असल्यामुळे मला आदराने ‘सर’ म्हणतो. त्याने आडपडदा न ठेवता सांगितले, “सर, तुमच्याबद्दल काही नाही. पण हे घर उद्या वक्फला गेलं, तर आमची भिंत त्यांच्या हद्दीत जाणार. मग आम्ही कुठं जायचं?” त्याने मोबाईलवर काही चित्रफिती दाखवल्या. वक्फ सुधारणा कायदा एप्रिल 2025 मध्ये संमत झाला, त्याच्या आगेमागे अशा चित्रफितींचा पूर आला होता, आणि कायद्यात नेमके काय आहे यापेक्षा ‘ते कोणतीही जागा घेऊ शकतात’ एवढेच त्यातून पोहोचले होते. मी त्याला सांगितले की खासगी घर वक्फ व्हायचे तर मालकाने स्वतः ते अर्पण करावे लागते; आमच्या घराची पट्टी आजोबांच्या काळापासून त्यांच्या नावाने भरली आहे, आणि पिराचा चौथरा नव्या नकाशावर आमच्यापासून वेगळा दाखवलेला आहे. त्याने ते शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “पण तुमचे चुलतभाऊच तसं बोलत होते, त्याचं काय?”

ही गोष्ट खरी निघाली. उत्तरेकडच्या घरातील माझा चुलतभाऊ चहाच्या टपरीवर बोलून बसला होता की मुलाण्याचे रिकामे घर मशिदीला मिळाले तर तेथे मुलांसाठी मदरसा काढता येईल. त्याला मी जाऊन भेटलो. तोही वाईट माणूस नाही. दुष्काळात आमच्या अम्मीला त्याच्याच आईने आपल्यातले धान्य काढून दिले होते. गेल्या काही वर्षांत बाहेरून आलेल्या शिकवणुकीने त्याचे मत पक्के झाले आहे की पंजा, आलावा, फकीर होणे हे आपल्या दीनात बसत नाही, आणि म्हणून मशिदीच्या मंडळींनी मोहरमचा पीर बसवणे बंद केले आहे. “भाईजान, ते सगळं जहालतीचं होतं,” असे तो मला म्हणाला. ज्या चौथऱ्यावर समोरच्या तरुणांनी हक्क सांगू नये म्हणून तो चादर चढवत होता, त्याच चौथऱ्यासमोरचा पीर त्याला नको होता. हा विरोधाभास त्याला दिसत नव्हता असे नाही, तो म्हणाला, “आपण सोडलं तरी त्यांना घेऊ द्यायचं नाही.” समोरच्या बाजूलाही असेच बोलणारे होते, आणि चौथऱ्यावर निवांत दिवा लावणारी माणसे दोन्ही बाजूंना उरली नव्हती.

नोंदीचा अर्ज दाखल झाला की हितसंबंधितांना नोटीस निघते आणि हरकत घेण्यासाठी 15 दिवसांची मुदत असते. मुदत संपत आली असताना हरकत आली. ती अण्णांच्या नातवाने घेतलेली नव्हती, तर आमच्या घराशी कोणताही संबंध नसलेल्या एका तरुणाने घेतलेली होती. लगतचे धार्मिक स्थळ वादग्रस्त असल्याने या मिळकतीची नोंद थांबवावी, एवढाच तिचा आशय होता. सुनावणीच्या तारखेपूर्वी गावातच विषय मिटतो का पाहावे म्हणून तंटामुक्ती समितीची बैठक बोलावण्यात आली. 2007 मध्ये राज्याने ही मोहीम सुरू केली तेव्हा बांधाची आणि भावकीची भांडणे डोळ्यांसमोर होती. बैठकीला जमलेल्या ज्येष्ठांना असल्या वादात काय बोलावे हे सुचत नव्हते, आणि बराच वेळ पाऊसपाण्याच्याच गप्पा झाल्या.

बैठकीला वळण दिले ते पंजाच्या मानकऱ्याने. मोहरम बंद झाल्यापासून पंजा त्यांच्याच वाड्यात, पेटीत ठेवलेला आहे, हे मला तेथेच कळले. त्यांनी ऐक्याविषयी भाषण केले नाही. ते म्हणाले की पंजा हातात घेण्याचा मान त्यांच्या घराण्याचा आहे, तो मुलाण्याच्या हातूनच घ्यायचा असतो, आणि मुलाण्याचे घर कागदावरून पुसले गेले तर त्यांनी हाक कोणाच्या दारात मारायची? घर मशिदीने घेतले तरी त्यांचा मान जातो आणि नोंद अडवून पडीक पाडले तरी जातो. म्हणून ते मुलाण्याच्या पोरांच्या नावावर झाले पाहिजे, असे त्यांचे सरळ म्हणणे होते. चुलतभाऊ मान खाली घालून बसला होता आणि हरकत घेणारा तरुण मोबाईल पाहत होता, पण त्या म्हणण्याला खोडून काढणारा मुद्दा कोणाकडेच नव्हता. आम्हा दोघांना एकमेकांची गरज असलेला गावात एवढाच एक धागा शिल्लक होता आणि तोच कामी आला. पहिला पंच म्हणून मानकऱ्यांनी तेथेच सही केली.

दुसऱ्या सहीसाठी अण्णांच्या नातवाने एक अट घातली: सामायिक भिंतीचा करार लेखी व्हावा. भिंत दोघांची, दुरुस्तीचा खर्च निम्मा-निम्मा, आणि घर कोणाही त्रयस्थाला किंवा संस्थेला देण्यापूर्वी शेजाऱ्याला प्रथम विचारायचे. माझ्या आजोबांच्या आणि त्याच्या पणजोबांच्या काळात ही भिंत तोंडी बोलीवर उभी राहिली होती. मला अट मान्य होती, पण बहीण फोनवर भडकली. आपल्या जागी दुसऱ्या कोणाचे घर असते तर हे कलम घातले असते का, असा तिचा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर मला माहीत होते. शेवटी तिनेच तोड सुचवली की तेच कलम त्यांनाही लागू करावे: अण्णांच्या घराण्याने आपले घर विकायचे ठरवले तर आधी मुलाण्यांना विचारावे. यावर नातू अडखळला. आपले घर विकण्याआधी मुलाण्याला विचारावे लागेल, हे त्याच्या मंडळात कसे सांगायचे, असा त्याचा पेच असावा. अण्णांनी मात्र कागद ओढून घेतला, चष्मा लावून सगळा वाचला आणि “बरूबर हाय की,” म्हणून नातवाच्या आधी सही केली. किमान मुद्रांक ऑक्टोबर 2024 पासून 100 रुपयांवरून 500 रुपयांवर गेला आहे. तो खर्चही निम्मा-निम्मा झाला.

सुनावणीत अधिकाऱ्यांनी हरकतदाराला एकच गोष्ट विचारली: या मिळकतीत तुमचा हक्क किंवा हिस्सा काय? त्याला तो दाखवता आला नाही. धार्मिक स्थळाचा वाद स्वतंत्र असून त्याचा या नोंदीशी संबंध नाही, अशा आशयाचा शेरा मारून हरकत फेटाळण्यात आली आणि यथावकाश मिळकत पत्रिकेवर आम्हा तिघांची नावे लागली. चौथऱ्याचा वाद अजून तसाच आहे.

घराचे पुढे काय करायचे, यावर आमचे एकमत झालेले नाही. धाकट्या भावाला घर विकून मोकळे व्हायचे आहे, आणि त्याचे कारणही खोटे नाही: पुसेसावळीला सप्टेंबर 2023 मध्ये मशिदीवर हल्ला होऊन एका माणसाचा जीव गेला, ते गाव आमच्यापासून फार लांब नाही. बहिणीला येत्या मोहरममध्ये दहा दिवस तरी घर उघडायचे आहे, आणि मानकऱ्यांचे त्यासाठी फोन येतात. चुलतभावाने त्याला स्पष्ट विरोध कळवला आहे. माळवद दोन ठिकाणी खचले असल्यामुळे तूर्त भिंतीचे काम आधी करावे लागणार आहे. गवंड्याचा अंदाज आला आहे आणि त्यातला आपला निम्मा हिस्सा अण्णांच्या नातवाने मान्य केला आहे, मात्र भिंत आधी ज्या मातीची होती तिचीच बांधायची की सिमेंटची, यावर त्याचे आणि माझे बोलणे अजून चालू आहे.